बाणांच्या ओळी सर्व्हरवर कशा पोचल्या: गिटसाठी शेल स्क्रिप्ट लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा. चौघांची टीम, एकच गिट रेपो (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास ठेवणारं फोल्डर). रोज संध्याकाळी ॲड (बदल निवडणं), कमिट (ते इतिहासात नोंदवणं), पुल (सहकाऱ्यांचे बदल आणणं), पुश (आपले सर्व्हरवर पाठवणं) करायचा कंटाळा, म्हणून सहा ओळींची शेल स्क्रिप्ट केली. तीन आठवडे ती बिनबोभाट चालली. मग एका सकाळी साइट बंद, आणि एका फाइलमध्ये ‘<<<<<<< हेड’ अशा बाणांच्या ओळी. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीवरच्या दोघांच्या बदलांचा तंटा, कुणीच सोडवला नव्हता, तरी कमिट झाला आणि पुशही गेला. स्क्रिप्टमध्येच चूक आहे का, आणि ती रोज सात वाजता क्रॉनवर (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) टाकता येईल का, असे दोन प्रश्न विचारलेत.

पहिल्याचं उत्तर, हो. दुसऱ्याकडे शेवटी येतो, पण बहुतेक नाही.

(कमांड्स मी तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या रोमनमध्येच करायच्या, हे वेगळं सांगायला नको.)

तुमच्या सहा ओळी अशा: सीडी करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जायचं, मग ‘गिट ॲड .’, ‘गिट कमिट -एम "अपडेट"’, ‘गिट पुल’, ‘गिट पुश’, आणि शेवटी ‘एको "झालं"’. आता त्या दोन संध्याकाळी काय घडलं असणार ते पाहू.

पहिल्या संध्याकाळी ॲड आणि कमिट नीट झाले. पुलमध्ये तुमचा आणि सहकाऱ्याचा बदल एकाच ओळीवर आला. गिटने दोन्ही बाजू बाणांच्या खुणा घालून फाइलमध्ये लिहून ठेवल्या, मर्ज (दोन्ही बाजू एकत्र करणं) अर्धवट सोडला आणि शून्याऐवजी दुसरा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) दिला. एक कमांड फसली याचं शेलला काही सोयरसुतक नसतं. तो पुढच्या ओळीवर गेला. पुश रिमोटने (सर्व्हरवरच्या सामायिक रेपोने) नाकारला, कारण सहकाऱ्याचा कमिट तुमच्या इतिहासात अजून आलेला नव्हता. लाल-पिवळ्या दहाबारा ओळी सरकून गेल्या आणि तळाशी आलं ‘झालं’. तुम्ही लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही भलत्याच फाइलवर काम केलंत. संध्याकाळी पुन्हा स्क्रिप्ट. खरी गोम इथे आहे. कॉन्फ्लिक्ट सुटला हे गिटला कळवायची रीत म्हणजे ती फाइल ॲड करणे. फाइलच्या पोटात बाण आहेत की नाहीत हे ‘गिट ॲड’ बघत नाही. तुम्ही ॲड केलीत म्हणजे तुम्ही बघितलंत, असं ते धरून चालतं. ‘गिट ॲड .’ने ती फाइल सुटलेली ठरवली, पुढच्या कमिटने कालचा अर्धवट मर्ज ‘अपडेट’ या नावाने पूर्ण केला, पुलला आणायला काही उरलं नव्हतं आणि पुश विनातक्रार गेला. सगळं नियमाप्रमाणे झालं.

जाता जाता, गिट २.३३ पासून, म्हणजे २०२१ पासून, दोन बाजूंचे इतिहास फुटले असतील तर नुसता ‘गिट पुल’ अडून बसतो आणि मर्ज करू की रिबेस (आपले कमिट त्यांच्या कमिटपुढे पुन्हा रचणं) ते ठरवा म्हणतो. तेव्हा खाली दिसणाऱ्या तीन सूचनांपैकी पहिली, ‘पुल.रिबेस फॉल्स’, बहुतेकजण कॉपी करून मोकळे होतात. तुमच्याकडेही तसंच झालेलं दिसतं.

आता स्क्रिप्ट कशी असावी. कमिटमध्ये काय जायचं आणि त्याला काय म्हणायचं, हे दोन निर्णय मी स्क्रिप्टला देत नाही. बाकीची हमाली आणि राखण मात्र तिच्याकडे. तुमच्या स्क्रिप्टमध्ये हे बरोबर उलटं झालंय: निर्णय ती घेते आणि राखण कुणीच करत नाही.

सुरुवातीला बॅशची शीबँग ओळ (स्क्रिप्ट कुठल्या शेलने चालवायची ते सांगणारी) आणि लगेच खाली ‘सेट -ई -यू -ओ पाइपफेल’. ‘-ई’मुळे एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते, तुमच्याकडे एवढं एक अक्षर असतं तरी ‘झालं’ उमटलं नसतं. ‘पाइपफेल’मुळे पाइपने जोडलेल्या कमांड्समधली मधली फसली तरी ते फसणं धरलं जातं. ‘-यू’मुळे न ठरवलेला व्हेरिएबल वापरला की स्क्रिप्ट अडते. हे किरकोळ वाटेल, पण ‘सीडी’ला कोटशिवाय रिकामा व्हेरिएबल मिळाला तर तो तुम्हाला गुपचूप होम फोल्डरमध्ये नेऊन बसवतो. होममधल्या सेटिंग फाइल्स गिटमध्ये ठेवायची सवय असेल, तर त्यानंतरचा ‘गिट ॲड .’ एसएसएचच्या (सर्व्हरवर लॉगिन करायच्या) खासगी किल्लीसकट सगळं उचलतो.

‘सेट -ई’वर डोळे मिटून भरवसा मात्र ठेवू नका. एखादं फंक्शन ‘इफ’च्या अटीत किंवा ‘&&’च्या डावीकडे बोलावलं, की त्या फंक्शनच्या आत ‘-ई’ झोपी जातो. ‘लोकल’ (फंक्शनपुरता व्हेरिएबल) लिहून त्याच ओळीत एखाद्या कमांडचं उत्तर साठवलं, तर कमांड फसल्याचं कळतच नाही, कारण एक्झिट कोड ‘लोकल’चा येतो. म्हणून ‘लोकल’ एका ओळीत, आणि उत्तर साठवणं दुसऱ्या ओळीत.

फोल्डरचा पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहू नका. ‘गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल’ रेपोचं मूळ फोल्डर सांगतो, ते उत्तर आधी एका व्हेरिएबलमध्ये साठवा आणि पुढच्या ओळीत तिथे सीडी करा. रेपोबाहेर चालवली तर साठवण्याची ओळच फसते आणि स्क्रिप्ट थांबते, म्हणजे एक तपासणी फुकटात झाली.

त्यानंतर अर्धवट कामाची तपासणी. तुमचा अपघात हिने टाळला असता. ‘गिट एलएस-फाइल्स -यू’ न सुटलेल्या फाइल्सची यादी देतो. ती रिकामी नसेल तर नावं दाखवून बाहेर पडा. पण एवढ्यावर भागत नाही, कारण कॉन्फ्लिक्ट सोडवून ॲड केलाय पण मर्ज पुरा केलेला नाही, अशीही स्थिती असते. त्यासाठी ‘मर्ज_हेड’ हा संदर्भ (मर्ज पुरा होईपर्यंत गिट तो ठेवतो) आहे का ते ‘रेव्ह-पार्स -क्यू --व्हेरिफाय’ने विचारा. रिबेस चालू असेल तर ‘रिबेस-मर्ज’ किंवा ‘रिबेस-अप्लाय’ या नावाचं फोल्डर गिटच्या पोटात असतं. त्याचा पत्ता हाताने ‘.गिट/रिबेस-मर्ज’ असा न लिहिता ‘रेव्ह-पार्स --गिट-पाथ’कडून घ्या, वर्कट्री म्हणजे त्याच रेपोला जोडलेलं जादा कामाचं फोल्डर, त्यात ‘.गिट’ हे फोल्डर नसून साधी फाइल असते, तिथे हाताने लिहिलेला पत्ता फसतो.

मग ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा. ‘गिट ब्रँच --शो-करंट’ रिकामं आलं तर तुम्ही कुठल्याच ब्रँचवर नाही आहात, थांबा. ‘मेन’ (सगळ्यांची मुख्य ब्रँच) आलं तरी थांबा. चौघांच्या टीममध्ये संध्याकाळचं काम थेट ‘मेन’वर जात असेल तर स्क्रिप्ट कितीही चांगली लिहा, साइट पुन्हा बंद पडणार.

आता ‘ॲड’. ‘गिट ॲड .’ काढून तिथे ‘गिट ॲड -यू’ घाला. गिटला आधीपासून माहीत असलेल्या फाइल्समधले बदल, आणि डिलीट केलेल्या फाइल्स, एवढंच तो घेतो. नवी फाइल आपणहून आत येत नाही. नव्या फाइल्सची यादी ‘गिट एलएस-फाइल्स --अदर्स --एक्स्क्लूड-स्टँडर्ड’ने दाखवा आणि वर लिहा, ‘या फाइल्स घेतलेल्या नाहीत’. ज्याला हवी तो हाताने ॲड करेल. हा जास्तीचा त्रास नको असं टीममधलं कुणीतरी म्हणेलच. त्यांना दोन गोष्टी सांगा. पासवर्ड असलेली ‘.एन्व्ह’ फाइल एकदा पुश झाली की पुढच्या कमिटमध्ये डिलीट करून उपयोग नाही, ती इतिहासात राहते. आधी पासवर्ड बदलायचा आणि मग इतिहास साफ करायचा. दुसरं म्हणजे गिटहब १०० एमबीवरची फाइल घेत नाही. कुणी डेटाबेसचा डंप चुकून कमिट केला, नंतरच्या कमिटमध्ये काढून टाकला, तरी पुश नाकारलाच जातो, कारण मधल्या कमिटमध्ये तो आहे. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता हे निस्तरत बसणं मी केलंय. यादी वाचायला पाच सेकंद लागतात.

कमिट करण्यासारखं काही आहे का, हे आधी विचारा. काही नसताना ‘गिट कमिट’ १ हा कोड देतो, आणि ‘सेट -ई’ असल्याने स्क्रिप्ट तिथेच मरते. विचारायला ‘गिट डिफ --कॅश्ड --क्वाएट’ आहे, पण त्याची चाल उलटी वाटते: फरक नसेल तर शून्य, असेल तर एक. म्हणजे ‘इफ’मध्ये तो खरा ठरला तर कमिट करायचं काही नाही. मी दरवेळी इथे अडखळतो, म्हणून वर एक कॉमेंट लिहून ठेवलीय. आणि कमिट करायचं काही नसलं तरी स्क्रिप्ट संपवू नका, फक्त कमिटची पायरी ओलांडा. दुपारी हाताने केलेला कमिट पुश व्हायचा राहिलेला असू शकतो.

कमिटच्या आधी ‘गिट डिफ --कॅश्ड --चेक’. अर्धवट राहिलेले बाण आणि ओळीच्या शेवटी सुटलेल्या मोकळ्या जागा तो पकडतो. तुमच्या त्या फाइलवर हा ओरडला असता. दोन ठिकाणी मात्र विनाकारण ओरडतो. मार्कडाउनमध्ये ओळ तोडायला शेवटी दोन स्पेस देतात, ती त्याला चूक वाटते. आणि मथळ्याखाली नेमकी सात बरोबरची चिन्हं दिली, तर ती त्याला कॉन्फ्लिक्टची मधली रेघ वाटते. या दुसऱ्यावर ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये (कुठल्या फाइलला कुठला नियम ते गिटला सांगणाऱ्या फाइलमध्ये) त्या फाइलसाठी ‘कॉन्फ्लिक्ट-मार्कर-साइझ’ वाढवता येतो.

कमिटचा संदेश स्क्रिप्टच्या पहिल्या आर्ग्युमेंटमधून (स्क्रिप्टच्या नावापुढे लिहिलेल्या मजकुरातून, शेलमध्ये ‘डॉलर-एक’) घ्या आणि तो दिला नाही तर थांबा. ‘अपडेट’ हा ठरीव संदेश काढून टाका. तीन आठवड्यांच्या कामात एकाच नावाचे साठ कमिट असतील तर साइट कुठल्या बदलाने पडली हे शोधायला गिटचा काहीच उपयोग होत नाही, मग तो वापरायचाच कशाला? संदेश वापरताना ‘डॉलर-एक’भोवती डबल कोट हवेतच. नाहीतर ‘लॉगिनची चूक दुरुस्त’ यातला ‘लॉगिनची’ हा संदेश ठरतो आणि ‘चूक’, ‘दुरुस्त’ या फाइल्स समजून गिट त्या शोधत बसतो.

यानंतर ‘पुल’ नको, त्याचे दोन भाग करा. ‘गिट फेच’ (रिमोटवरचं नवं नुसतं आणून ठेवतो), मग ब्रँचला अपस्ट्रीम (रिमोटवरची जोडीची ब्रँच) असेल तर त्यावर ‘गिट रिबेस’. रिबेस फसला तर लगेच ‘गिट रिबेस --अबॉर्ट’, ‘कॉन्फ्लिक्ट आहे, हाताने सोडवा’ असा निरोप, आणि शून्याशिवायचा एक्झिट कोड. अबॉर्टनंतर तुम्ही तुमच्या कमिटनंतरच्या स्थितीत परत येता, काही हरवत नाही. स्क्रिप्टने रेपो अर्धवट स्थितीत सोडून जायचं नाही, हा नियम मी कुठल्याही स्क्रिप्टला लावतो. आणि शेवटी ‘गिट पुश -यू ओरिजिन हेड’. नवी ब्रँच असेल तर अपस्ट्रीमही यातच जोडला जातो.

फोर्सचा पुश (रिमोटवरचा इतिहास मोडून आपला लादणारा) स्क्रिप्टमध्ये कुठल्याही रूपात नको. ‘--फोर्स-विथ-लीज’ सुरक्षित आहे असं कुणी म्हणेल. तो रिमोटची शेवटची माहीत असलेली स्थिती ताडून बघतो हे खरं, पण आपली स्क्रिप्ट एक पायरी आधीच फेच करते. फेच झाला की ‘माहीत असलेली स्थिती’ ताजी होते आणि सहकाऱ्याचा न पाहिलेला कमिटही लीजच्या नजरेतून सुटतो.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक खड्डा लागतो. आमच्याकडे एका संस्थेच्या कामात ‘हजेरी मार्च’ अशा नावांच्या फाइल्स होत्या. ‘गिट स्टेटस’ त्या जागी ‘\३४०\२४४\२७१’ असं काहीतरी दाखवायचा. हा बिघाड नाही. ‘ह’ या अक्षराचे तीन बाइट गिट अष्टमान आकड्यांत लिहून दाखवतो, आस्कीबाहेरच्या (साध्या रोमन चिन्हांपलीकडच्या) सगळ्या नावांना त्याचा हाच न्याय. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ केलं की नाव मराठीत दिसतं. पण ही झाली डोळ्यांची सोय. स्क्रिप्टमध्ये ‘फॉर’ लूपने अशी यादी फिरवली तर ‘हजेरी’ आणि ‘मार्च’ या दोन वेगळ्या फाइल्स होतात. नावं स्क्रिप्टला हाताळायचीच असतील तर गिटला ‘-झेड’ ऑप्शन द्या, म्हणजे प्रत्येक नावानंतर शून्य बाइट येतो, आणि ‘व्हाइल रीड -आर -डी’ला रिकामे कोट देऊन एकेक नाव उचला. तसंच मराठी संदेश ‘कट -सी’ने पन्नास अक्षरांवर कापायला जाऊ नका. लिनक्सवरचा कट बहुतेक ठिकाणी अक्षरं नाही, बाइट मोजतो. अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकाला तीन बाइट, त्यामुळे जेमतेम सोळा चिन्हं बसतात आणि सतरावं मधेच तुटून चौकोन दिसतो.

टीममध्ये कुणी विंडोज वापरत असेल तर ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘*.एसएच’ फाइल्सना, आणि ही स्क्रिप्ट रेपोत ठेवलीत तर तिलाही, ‘ईओएल=एलएफ’ लावून टाका, म्हणजे ओळींचा शेवट विंडोजच्या पद्धतीने होत नाही. नाहीतर ‘बॅश\आर’ सापडला नाही, अशी एरर येते आणि अख्खा दिवस जातो. मॅकवाल्यांसाठी: ॲपल अजून बॅश ३.२ देते, तो २००६ सालचा. ‘मॅपफाइल’सारख्या चौथ्या आवृत्तीतल्या गोष्टी तिथे नाहीत, टाळा.

स्क्रिप्ट झाली की तिचं नाव ‘गिट-सांज’ ठेवा, शेवटी ‘.एसएच’ नको. ‘चमॉड +एक्स’ (चालवायची परवानगी) करा आणि पाथमध्ये (शेल जिथे कमांड्स शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) असलेल्या फोल्डरात टाका. ‘गिट-’ने सुरू होणारी कुठलीही चालणारी फाइल पाथमध्ये सापडली की गिट तिला आपलीच उपकमांड मानतो. मग लिहायचं फक्त ‘गिट सांज "लॉगिनची चूक दुरुस्त"’. एका शब्दात काम व्हावं ही तुमची मूळ इच्छा अशी पुरी होते. एकदा शेलचेक या स्क्रिप्ट तपासणाऱ्या प्रोग्रॅममधूनही फिरवा; सुटलेले कोट तो पहिल्या झटक्यात दाखवतो.

आता क्रॉन. सामायिक कोडसाठी नको. सात वाजता तुमचं फंक्शन अर्ध्यावर लिहिलेलं असेल, आणि संदेश द्यायला तिथे कोणी नसेल. मात्र एकट्याची टिपणं, किंवा सर्व्हरवरच्या सेटिंग फाइल्सचा मागोवा, यासाठी मी क्रॉन वापरतो. तिथे एकदा चांगलाच तोंडावर पडलोय. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर रात्री दोनला सेटिंग्ज कमिट करून पुश करणारी स्क्रिप्ट लावली होती, एचटीटीपीएसवर, पासवर्ड साठवून. १३ ऑगस्ट २०२१ला गिटहबने गिटसाठी खात्याचा पासवर्ड घेणं थांबवलं. महिनोन्‌महिने आधी सांगून थांबवलं, चूक माझीच. पुश रोज फसत राहिला. क्रॉन त्याचा निरोप त्या मशीनवरच्या मेलबॉक्समध्ये टाकत राहिला, जो कुणीच उघडत नव्हतं. गणपतीत एक जुनं सेटिंग हवं झालं तेव्हा पाहिलं, तर रिमोटवर चार आठवड्यांत एकही कमिट नाही.

तेव्हापासून क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये मी एवढं तरी करतो. पाथ स्वतः लिहितो, कारण क्रॉनला तुमच्या शेलची सेटिंग्ज मिळत नाहीत, किल्ली उघडून हाताशी ठेवणारा एसएसएच एजंटही नाही. त्या एका रेपोपुरती वेगळी डिप्लॉय की (एसएसएचची किल्ली) देतो. ‘गिट_टर्मिनल_प्रॉम्प्ट=०’ आणि एसएसएचला ‘बॅचमोड=येस’ लावतो, म्हणजे पासवर्ड विचारत अडून न राहता स्क्रिप्ट लगेच फसते. ‘एफलॉक’ने एका वेळी एकच प्रत चालेल असं बघतो. ‘इंडेक्स.लॉक’ फाइल अडवतेय म्हणून ती स्क्रिप्टमधूनच उडवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकू नका, ती बहुतेक वेळा दुसऱ्या जिवंत गिटची असते. रेपो एकाच्या मालकीचा आणि क्रॉन रूटचा (मशीनच्या मुख्य ॲडमिनचा), असं असेल तर २०२२च्या एप्रिलपासून गिट ‘संशयास्पद मालकी’ म्हणून नकार देतो. तिथे ‘सेफ.डिरेक्टरी’मध्ये (विश्वासाच्या फोल्डरांच्या यादीत) ‘*’ हे चिन्ह लावून सगळंच मोकळं करू नका, क्रॉन रेपोच्या मालकाच्या नावाने चालवा. आणि यश मिळाल्यावर एका फाइलवर ‘टच’ करतो, म्हणजे तिची तारीख-वेळ ताजी होते. ती फाइल दोन दिवसांहून जुनी झाली की दुसरी छोटी स्क्रिप्ट मला मेसेज करते. फसल्याचा निरोप यायचा राहू शकतो, म्हणून यशाचाच निरोप थांबला का ते बघायचं.

खऱ्या रेपोवर लावण्याआधी ‘/टीएमपी’त ‘गिट इनिट --बेअर’ने खोटा रिमोट करा आणि त्याचा एक क्लोन (प्रत) घ्या. त्यात एक ब्रँच काढून दोन फाइल्स कमिट करा, ‘गिट पुश -यू ओरिजिन हेड’ करा, मग दुसरा क्लोन घेऊन त्यातही त्याच ब्रँचवर जा. दोन्हींत एकाच फाइलची एकच ओळ वेगवेगळी बदला. पहिल्या क्लोनमध्ये ‘गिट सांज’ चालवा, पुश जाईल. दुसऱ्यात चालवली की रिबेस फसून अबॉर्ट व्हायला हवा, आणि ‘गिट स्टेटस’ स्वच्छ दिसायला हवा. मग दुसऱ्या क्लोनमध्ये हाताने ‘गिट मर्ज ओरिजिन/’ आणि पुढे ब्रँचचं नाव देऊन बाण मुद्दाम आणा, काहीही न सोडवता तसेच ठेवा, दुसऱ्याच एखाद्या फाइलमध्ये एक ओळ लिहा आणि पुन्हा ‘गिट सांज’ चालवा. तुमची ती दुसरी संध्याकाळ हीच. फाइलचं नाव दाखवून ती जागीच थांबली, आणि ‘एको $?’ने शून्य सोडून काहीतरी दाखवलं, तर उद्या सहकाऱ्यांना द्यायला हरकत नाही.